कॅथबाई आणि पाच महिन्यांचे साहेब

२०२४ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबातून दोन माणसं गेली. एक देवाघरी गेलं, दुसरं नुसतंच घरी. गुरुवारी रिसेप्शनवरच्या कॅथ फिप्स वारल्या, वय ८५. शनिवारी रात्री नॉटिंगहॅम फॉरेस्टनं आमच्याच मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन आम्हाला ३-२ नं हरवलं आणि रविवारी क्लबचे स्पोर्टिंग डायरेक्टर डॅन ॲशवर्थ यांनी क्लब सोडल्याची बातमी आली. बाई क्लबात १९६८ पासून होत्या, साहेब त्याच वर्षीच्या जुलैपासून. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रविवारी झोप येईपर्यंत साहेबांचीच चर्चा. कोणी काढलं, सीईओ बेराडानं की सहमालक रॅटक्लिफनं? नुकसानभरपाई किती? आता सगळं टेक्निकल डायरेक्टर विलकॉक्सकडं जाणार का? कॅथबाईंचा फोटोही कोणीतरी गुरुवारी टाकला होता. त्याखाली जोडलेले दोन-चार हात, एक ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि लगेच आदल्या रात्री आर्सेनलनं कॉर्नरवरून मारलेल्या दोन गोलांचा विषय. यात कोणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. कोल्हापुरात बसून मँचेस्टरच्या रिसेप्शनवरच्या बाईसाठी कोणी किती हळहळायचं? पण ती दोन नावं एकाच आठवड्यात एकापाठोपाठ स्क्रीनवर आली आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात ती एकत्रच राहिली आहेत. एकाची आठवण निघाली की दुसरं येतंच.

१९६८ च्या मे महिन्यात वेम्ब्लीवर बेनफिकाला ४-१ नं हरवून युनायटेडनं युरोपियन कप घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरात कॅथबाई टेलिफोनच्या बोर्डावर कामाला लागल्या. म्हणजे त्यांनी जोडून दिलेले पहिले फोन खुद्द तेव्हाचे मॅनेजर मॅट बझबी यांचे असणार. पुढं त्या रिसेप्शनवर आल्या. खेळाडूंना येणाऱ्या चाहत्यांच्या पत्रांचे ढीगही त्यांच्याकडं असायचे. त्यांच्या टेबलासमोरून एकेक मॅनेजर गेला. मॅकगिनेस गेला, ओ’फॅरेल गेला, डॉकर्टी, सेक्स्टन, ॲटकिन्सन गेले. फर्ग्युसन आला, सव्वीस वर्षांहून जास्त राहिला. मग मोयेस, व्हान गाल, मोरिन्हो, सोलशार, राँगनिक, टेन हाग. शेवटी अमोरिमही येऊन पोचला. मला त्या टेबलाचं कुतूहल आहे. नवा मॅनेजर पहिल्या दिवशी सूट घालून, कॅमेऱ्यांसमोर हसून आत शिरतो, तेव्हा त्याला पहिलं ‘गुड मॉर्निंग’ कोण म्हणतं? आणि दीड वर्षानं तोच माणूस खोकं उचलून बाहेर पडतो, तेव्हा त्याच्याकडं बघायचं की नाही हे कोण ठरवतं? बाईंनी हे इतक्या वेळा पाहिलं होतं की नवीन साहेबाकडं बघूनच त्यांना अंदाज येत असेल. मँचेस्टर कॅथेड्रलमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला, त्याला फर्ग्युसन आणि बेकहॅम दोघंही आले होते. २००३ मध्ये या दोघांचं कसं फाटलं होतं ते सांगायला नकोच.

ॲशवर्थ गेले त्या दिवशी मात्र क्लबचं छोटंसं निवेदन आलं. परस्पर संमतीनं, पुढील वाटचालीस शुभेच्छा, वगैरे.

वरच्या ऑफिसात कोण बसतं याचा विचार २०१३ पर्यंत आम्ही कोणी केला नव्हता. करायची गरजच नव्हती. फर्ग्युसन सकाळी उजाडायच्या आत कॅरिंग्टनच्या सराव मैदानावर हजर असायचा. धुलाईवाल्या बायका, कँटीनच्या बायका, गवत कापणारे यांची नावं त्याला पाठ असायची, हे त्याच्या हाताखालच्या प्रत्येकानं कुठं ना कुठं सांगितलेलं आहे. आणि खेळाडू विकत घ्यायचा तर तो क्लबचा मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलला फोन करायचा. गिल हिशेब बघायचा, हो किंवा नाही म्हणायचा. संपलं खातं. कोणाचा बाप आजारी आहे हे ज्याला माहीत, तोच त्या पोराला विकायचं का ठेवायचं हे ठरवायचा. मग त्या वर्षी आधी गिलनं सोडायचं जाहीर केलं, मे महिन्यात फर्ग्युसननं, आणि उन्हाळ्यात दोन्ही खुर्च्या एकदमच रिकाम्या झाल्या. मैदानावर मोयेस आला, त्यानं फेलन आणि म्युलेनस्टीन या जुन्या जाणत्यांना सोडून आपली माणसं आणली. वर एड वुडवर्ड आला. माणूस हुशार, जेपी मॉर्गनमधला बँकर, २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबानं क्लबच्याच डोक्यावर कर्ज ठेवून क्लब विकत घेतला त्या व्यवहारातला. पहिल्याच उन्हाळ्यात तो ऑस्ट्रेलियाचा दौरा अर्धवट टाकून ‘तातडीच्या कामासाठी’ इंग्लंडला परतला. आम्ही इकडं रोज बार्सेलोनाच्या फॅब्रेगासची वाट बघत बसलो. शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासांत, एव्हर्टनकडून फेलायनी आला. महिनाभर आधी त्याच्या करारात ठरलेली रक्कम भरली असती तर जितक्याला मिळाला असता, त्यापेक्षा चाळीस लाख पौंड जास्त देऊन. दोन वर्षांनी गोलकीपर डे हेआची कागदपत्रं रिअल माद्रिदला वेळेत पोचली नाहीत म्हणून त्याची बदलीच बारगळली. त्या प्रकरणातल्या फॅक्स मशीनवर आमच्याकडं अजून विनोद होतात. दरम्यान क्लबला नूडल्सचे भागीदार मिळाले, ट्रॅक्टरचे मिळाले, गाद्यांचे मिळाले, टायरसाठी आपले अपोलो मिळाले. वुडवर्डनं गुंतवणूकदारांना एकदा सांगूनही टाकलं होतं की मैदानावर काय होतं याचा आमच्या धंद्यावर फारसा परिणाम होत नाही. खरंच सांगत होता बिचारा, म्हणून जास्त लागलं.

त्या वर्षांत आमच्या ग्रुपवर एकच जप चालायचा. डायरेक्टर ऑफ फुटबॉल आणा, म्हणजे खेळाडूंची खरेदी-विक्री बघणारा फुटबॉलमधला जाणता माणूस. मँचेस्टर सिटीकडं चिकी बेगिरिस्टाइन आहे, लिव्हरपूलकडं मायकेल एडवर्ड्स आहे, आमच्याकडं बँकर आहे. २०२१ च्या मार्चमध्ये एकदाचं ते पद निर्माण झालं, जॉन मर्टोला बसवलं. महिनाभरात सुपर लीगचा, म्हणजे बड्या क्लबांनी आपलीच वेगळी स्पर्धा काढायचा तो अचाट प्रकार झाला, दोन दिवसांत कोसळला आणि वुडवर्डनं राजीनामा दिला. त्याच्या जागी रिचर्ड आर्नोल्ड. आर्नोल्डचं एकच दृश्य माझ्या मनात पक्कं बसलंय. २०२२ च्या जूनमध्ये काही चाहते त्याच्या गावातल्या पबमध्ये जमले, निदर्शनं करायच्या तयारीनं. तर हा स्वतःच तिथं गेला, त्यांना बिअर पाजली आणि टेबलाशी बसून सांगायला लागला की पोरांनो, आपण खेळाडूंवर वाट्टेल तसा पैसा उडवलाय. कोणीतरी चोरून व्हिडिओ काढला. लोक हसले. मला तो माणूस त्या क्षणी आवडला. इतक्या वर्षांत वरच्या ऑफिसातलं कोणीतरी प्रथमच माणसासारखं बोललं होतं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात तोही गेला.

मग २०२३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी जिम रॅटक्लिफची बातमी. क्लबचा पाव हिस्सा आणि फुटबॉलचा सगळा कारभार. फेल्सवर्थमध्ये जन्मलेला, लहानपणापासून युनायटेडवाला. त्यानं केलेली जोडणी बघून आम्ही खूश होतो. ओमर बेराडा थेट सिटीच्या ऑफिसातून उचलला. जेसन विलकॉक्स साउदॅम्प्टनमधून. आणि ॲशवर्थ न्यूकॅसलमधून. ब्रायटन उभं करणारा, त्याआधी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेत सगळा आराखडा आखणारा. न्यूकॅसलनं त्याला फेब्रुवारीत घरी बसवलं. पगार चालू, पण कामाला हात लावायचा नाही. शेवटी जुलैत पैसे मोजून युनायटेडनं त्याला सोडवून आणलं. म्हणजे ज्याची वाट जवळपास पाच महिने पाहिली, तो पाच महिने टिकला. मधल्या काळात टेन हागचा करार जुलैत वाढवला, ऑक्टोबरच्या शेवटी त्याला काढलं, अमोरिमला सोडवण्यासाठी पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबला पैसे दिले.

हे सगळं वाचताना मला आमच्या तालमीतले अण्णा आठवतात, आणि आठवतात तेव्हा मी थोडा सावध होतो, कारण आठवणीतली माणसं होती त्यापेक्षा चांगली दिसतात.

कोल्हापुरातल्या फुटबॉलबद्दल बाहेरच्यांना सांगायला लागलं की पहिला अर्धा तास ‘तालीम म्हणजे कुस्तीची ना?’ यातच जातो. इथं तालमींचेच फुटबॉल संघ असतात, हे इथल्यांना सांगायला नको. आमच्या तालमीचं ऑफिस म्हणजे मारुतीच्या तसबिरीखालचं एक लोखंडी कपाट, एक बाक आणि एक टेबल, ज्याचा ड्रॉवर ओढला की पूर्ण बाहेर यायचा. खोलीला कायम घामाचा, बामचा आणि ओल्या जर्सीचा वास. कपाटाची किल्ली अण्णांकडं. अण्णा स्वतः कधी खेळलेच नाहीत, निदान कोणी पाहिलं नव्हतं. पण कोणाचा बूट कितीच्या मापाचा, कोणाची बारावी आहे, कोणाच्या घरी भांडण चाललंय, कोणाचा गुडघा थंडीत धरतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात. शाहू स्टेडियमवर मॅच असली की बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून सायकलवरून आणायची, लिंबू-मिठाचं पाणी करायचं, आणि हरलो की पोरांना पेठेतून चालत न आणता मागच्या बोळातून आणायचं, ही त्यांची कामं. वर्गणीच्या वहीत दर वर्षी शंभर-दोनशे रुपयांचा गोंधळ असायचा. तो त्यांनी खाल्लेला नसायचा, कोणाच्या तरी औषधाला दिलेला असायचा, पण वहीत तसं लिहिलेलं नसायचं.

नंतर नवी कमिटी आली. तरुण पोरं, त्यातला एक बांधकाम व्यवसायातला, एक बँकेतला. त्यांनी प्रायोजक आणला, वही जाऊन लॅपटॉप आला, बाहेरून कोच आला, आफ्रिकेतून खेळाडू आला. त्याच्यासाठी भाड्यानं खोली, करार, महिन्याचे पैसे, सगळं व्यवस्थित. आणि आम्ही जिंकायला लागलो! हे सांगितलंच पाहिजे. पेठेत फटाके वाजले, गुलालानं रस्ता लाल झाला, मी स्वतः नाचलो. अण्णांना कोणी काढलं नाही. तालमीतून कोणाला काढायची रीतच नाही. फक्त किल्ली दुसऱ्याकडं गेली. अण्णा येऊन बाकावर बसायचे, चहा प्यायचे, जायचे. कमिटीच्या हिशेबात त्या परदेशी पोराची खोली होती, जेवण होतं, औषधपाणी होतं. रविवारी त्याला कुठं जावंसं वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं. ते अण्णांनी विचारलं. हयातभर मारुतीला तेल घालणारा हा माणूस दर रविवारी सकाळी त्या सहा फुटी पोराला लुनावर मागं बसवून चर्चला सोडायचा आणि प्रार्थना संपेपर्यंत बाहेर टपरीवर थांबायचा. पोराचे पाय जवळजवळ रस्त्याला टेकायचे. पेठ हसायची. हंगाम संपल्यावर पोरगा गेला, पुढच्या वर्षी दुसऱ्याच तालमीकडून खेळला. अण्णांना त्याचं काही वाटलं नाही, कमिटीला मात्र फार वाटलं.

पण अण्णांच्याच हातात तालीम राहिली असती तर आम्ही अजून मागच्या बोळातूनच येत असतो, हेही मला ठाऊक आहे. म्हणून युनायटेडच्या बाबतीत ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. फर्ग्युसन गेल्यावर क्लबाला काही उमजेना याचं कारणच हे की सगळं त्याच्या डोक्यात होतं आणि तो डोकं घेऊन घरी गेला. नंतर आठवणींच्या जोरावर किती नेमणुका झाल्या! सोलशारला कायम केलं तेव्हा आम्ही सगळे १९९९ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये त्यानं कॅम्प नोउवर मारलेल्या त्या गोलावरच मत देत होतो. माझा भाचा पुण्यात डेटाचं काम करतो, तो या बाबतीत निर्दय आहे. “मामा, लिव्हरपूलनं सलाहला घेतलं ते कोणाच्या आठवणीवर नाही, आकड्यांवर. एडवर्ड्स रस्त्यानं गेला असता तरी लोकांनी ओळखला नसता. असं ऑफिस पाहिजे.” त्याचं खरं आहे. चांगल्या ऑफिसाचं नाव कोणाला माहीत नसावं. आमच्या ऑफिसातल्या प्रत्येकाचं नाव कोल्हापुरातल्या पानपट्टीवाल्यालाही माहीत आहे, यातच आलं सगळं.

मला खटकतं ते वेगळंच. रॅटक्लिफच्या माणसांनी आल्या-आल्या पैसे कुठं वाचवले ते बघा. पहिल्या वर्षी अडीचशे नोकऱ्या, २०२५ च्या फेब्रुवारीत आणखी दोनशेपर्यंत. ओल्ड ट्रॅफर्डवरच्या नोकरदारांचं फुकट दुपारचं जेवण बंद, त्याऐवजी फळं. कॅरिंग्टनला खेळाडूंना पूर्ण जेवण, बाकीच्यांना सूप आणि पाव. नाताळची भेट शंभर पौंडांवरून चाळीसवर. हंगामाच्या मध्यात उरलेल्या तिकिटांचा दर ६६ पौंड, मुलांना सवलत नाही आणि म्हाताऱ्यांनाही नाही. फर्ग्युसनला मिळणारं सदिच्छादूताचं मानधनही थांबवलं. ते थांबवलं याचं मला दुःख नाही, वर्षाला वीस लाख पौंडांहून जास्त होतं ते. जुना खेळाडू कँटोना भडकला, पण कँटोनाचं कामच ते. आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. क्लबच्या स्वतःच्या ताळेबंदात टेन हाग आणि त्याच्या सहकाऱ्यांना घालवण्याचा खर्च १ कोटी ४ लाख पौंड, ॲशवर्थना घालवण्याचा ४१ लाख. मिळून १ कोटी ४५ लाख. वरच्या मजल्यावरच्या दोन फसलेल्या निर्णयांची ही किंमत. ते निर्णय घेणाऱ्यांच्या जेवणाला कोणी हात लावल्याचं मी वाचलं नाही.

शिरोलीच्या एमआयडीसीत मी ज्या कारखान्यात होतो, तिथंही एकदा बाहेरून सल्लागार आले होते. पांढरे शर्ट, फाउंड्रीच्या धुळीत दुपारपर्यंत राखाडी व्हायचे. त्यांनी महिनाभर सगळं मोजलं आणि पहिली शिफारस केली ती संध्याकाळच्या चहाबरोबरची बिस्किटं बंद करायची. साच्यातला माल फुकट जाण्याचं प्रमाण दुसऱ्या पानावर होतं, ते पान साहेबांपर्यंत पोचेतो सल्लागारांचं बिल निघालं होतं. बिस्किटांचा पुडा कितीसा! पण त्या दहा मिनिटांत शिफ्ट बदलायची, जाणारा येणाऱ्याला सांगायचा की तीन नंबरची भट्टी आज नाटकं करतीय. बिस्किटं गेल्यावर चहा उभ्यानंच व्हायला लागला आणि ते सांगणं बंद पडलं. कॅरिंग्टनच्या कँटीनमध्येही असंच काहीतरी चालत असणार. फिजिओ आणि जर्सी धुणारी बाई एका टेबलावर बसल्याशिवाय कोणता पोरगा लंगडतोय पण सांगत नाहीये हे कळायचं कसं? भाचा म्हणतो, त्यासाठी आता सेन्सरवाली बनियन असते. असेल.

त्यानंतर काय झालं ते सगळ्यांसमोर आहे. २०२४-२५ मध्ये पंधरावा नंबर. बिलबाओला टॉटनहॅमसमोर युरोपा लीगची फायनल गेली, त्या रात्री मी टीव्ही बंद करून गच्चीवर गेलो. विलकॉक्स डायरेक्टर ऑफ फुटबॉल झाला. आणि २०२६ च्या जानेवारीत लीड्सबरोबर १-१ झाल्यावर अमोरिम पत्रकारांसमोर बोलून गेला की मी इथं मॅनेजर व्हायला आलोय, नुसता कोच व्हायला नाही, आणि बाकीच्या विभागांनी आपापलं काम करावं. दुसऱ्याच दिवशी त्याला निरोप. त्याच्या नेमणुकीच्या कागदावर ‘हेड कोच’ असंच लिहिलं होतं, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण चौदा महिने कोणी त्याला समोर बसवून सांगितलं नव्हतं का, की बाबा, तुझी हद्द इथपर्यंत? का प्रत्येकाला वाटलं की हे सांगणं दुसऱ्याचं काम?

ग्रुपवर पुन्हा तेच सुरू झालं. विलकॉक्सला हाकला, बेराडाला हाकला, रॅटक्लिफनं विकून जावं, नवा डायरेक्टर जर्मनीतून आणा. भाच्यानं तर तीन नावांचा तक्ता करून टाकला, रंग वगैरे देऊन. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी मी लिहिलं की विलकॉक्सला आहे तिथं तीन-चार वर्षं राहू द्या, तो बरा आहे म्हणून नव्हे, तर पुढच्या कोचला ‘मागच्या वेळी आपण इथं काय माती खाल्ली’ हे सांगणारा एक तरी माणूस त्या इमारतीत शिल्लक राहील म्हणून. आणि त्याआधी जेवण सुरू करा. भाच्यानं हसण्याची दोन चिन्हं टाकली आणि खाली लिहिलं, “मामा, तुम्हाला तालमीचं अध्यक्षच करायला पाहिजे.” मी म्हटलं, अध्यक्ष नको, किल्ली दिली तरी चालेल.